आणखी कोण होतं?

"या मॅडम, वेळेवर आलात. आज मशीन माणूस दाखवणार आहे," असं म्हणत हुलवान साहेबांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली.

स्थानिक गुन्हे शाखेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर ती खोली होती. पूर्वी तिथं जप्तीचा मुद्देमाल पडलेला असायचा. आता एसी लावला होता, भिंतीवर मोठा पडदा आणि दारावर नवीकोरी पाटी, 'मागोवा : गुन्हे विश्लेषण कक्ष'. कोपऱ्यात जुन्या मोटरसायकलींच्या तेलाचे डाग मात्र फरशीवरून गेले नव्हते.

मी तेव्हा विद्यापीठाच्या विधी विभागात पीएच.डी. करत होते. गुन्हे विश्लेषणात कृत्रिम बुद्धिमत्ता कशी वापरली जाते आणि तिला कायद्याच्या चौकटीत कसं आणायचं, हा माझा विषय. पुस्तकी भाग लिहून झाला होता. प्रत्यक्ष काम बघायला मिळावं म्हणून मी कितीतरी जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत हेलपाटे घातले होते. कुणी दारातही उभं केलं नाही. शेवटी या जिल्ह्यानं परवानगी दिली, तीही एका अटीवर : इथं जे दिसेल ते तपास संपेपर्यंत बाहेर बोलायचं नाही. मी हसत हसत सही केली होती. जिल्ह्याचं नाव आजही सांगत नाही, कारण ते कळून कुणाचंच भलं होणार नाही.

सहायक पोलीस निरीक्षक विद्याधर हुलवान या कक्षाचे प्रमुख. संख्याशास्त्राचे पदवीधर, चाळिशीतले, आवाज कधी न चढवणारे. मशीन आल्यापासून त्यांनी जिल्ह्यातली जुनी दप्तरं त्यात भरून घेतली होती. त्यांना त्या यंत्राचा अभिमान होता, आणि तो लपवायचा ते प्रयत्नही करत नसत.

त्या लग्नसराईत शहरातल्या पाच मंगल कार्यालयांतून नवरीच्या खोलीतले दागिने गेले होते. खोलीला कुलूप, खिडक्या शाबूत, आणि चोरी नेमकी केव्हा झाली हे एकाही घरच्याला सांगता येत नव्हतं. सकाळच्या हळदीपासून संध्याकाळच्या पाठवणीपर्यंत केव्हाही झालेली असू शकत होती. पाचवं लग्न साखर कारखान्याच्या एका संचालकांच्या मुलीचं होतं. त्यानंतर वरून फोन सुरू झाले.

हुलवान साहेबांनी बटण दाबलं. पाचही दिवशी त्या त्या कार्यालयाच्या परिसरात कोणकोणते मोबाईल होते, ते मशीननं टॉवरच्या नोंदींवरून काढलं, जुन्या गुन्ह्यांच्या दप्तराशी ताडून पाहिलं आणि पडद्यावर एक नाव आलं. सुखदेव मारुती जावीर. पुढं आकडा, शंभरात ब्याण्णव.

"पाचही ठिकाणी हजर," हुलवान म्हणाले. "आणि पूर्वइतिहास आहे. बघितलंत? आमच्या माणसांना हे काढायला महिना लागला असता."

मी वहीत आकडा लिहून घेतला. मला तेव्हा काहीच खटकलं नाही. उलट प्रबंधासाठी एक चांगलं उदाहरण मिळालं, असंच वाटलं.

दुपारी मी खाली उतरले तेव्हा त्याला आणत होते. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावरची तुऱ्याची टोपी हातात. एका लग्नाच्या वरातीतून उचलला होता. सुखदेव जावीर बँडवाला होता. क्लॅरिओनेट वाजवायचा.

"साहेब, लग्नात म्या नसंल तर वाजवणार कोन?" तो पुन्हा पुन्हा एवढंच विचारत होता.

"तेच तर," एक हवालदार म्हणाला, "तुला सगळीकडं मोकळा शिरकाव." आणि दोघं-तिघं हसले.

"अक्षता पडताना म्या मांडवाच्या दारात असतो, साहेब. व्हिडिओत बघा की."

"अक्षता पाच मिनिटं पडतात. बाकी दिवसभर कुठं असतोस?"

दिवसभर तो कार्यालयातच असायचा, आवारात झाडाखाली किंवा भटारखान्याच्या मागं. सगळे बँडवाले असतात. बाहेर पायरीवर त्याची बायको बसली होती. मी वही छातीशी धरून तिच्या बाजूनं गेले, तेव्हा तिनं मान वर करून माझ्याकडं नीट पाहिलं.

पोलीस कोठडीत त्याच्याकडून काही निघालं नाही. घराच्या झडतीत दागिने सोडा, एक मणीही सापडला नाही. पुढच्या वेळी मी कक्षात गेले तेव्हा हुलवान साहेब झडतीचा पंचनामा वाचत होते. मी म्हटलं, "साहेब, एक विचारू? पाचही लग्नांत बँड तोच असेल, तर फोटोग्राफरही तोच असू शकतो ना? गुरुजी? आचारी?"

"असू शकतो."

"मग मशीननं त्यांची नावं का नाही दिली?"

"दिली असतील, खाली कुठंतरी. आपण वरचंच नाव बघतो."

ते पडद्याकडं वळले. मग स्वतःशीच 'बघूया' असं म्हणत त्यांनी पूर्वइतिहासाच्या चौकटीतली खूण काढली आणि मशीन पुन्हा चालवलं. या खेपेला एक नाव आलं नाही, नऊ आली. सगळ्यांना सारखेच गुण. लग्न लावणारे गुरुजी, फोटोग्राफर, फुलवाला, आचारी आणि त्याचा भाऊ, बँडमधला पाचही सुपाऱ्यांना गेलेला ढोलवाला, पाचही कार्यालयं सांभाळणारा व्यवस्थापक. त्यांच्यात सुखदेव जावीर. आणि मधे कुठंतरी प्रशांत पिसाळ, मंडप आणि लाइटिंग.

हुलवान साहेबांनी माउसचा बाण पिसाळांच्या नावावर नेला.

"हा माझा मेव्हणा," ते म्हणाले. "बायकोचा सख्खा भाऊ."

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "आणि सुखदेवचा पूर्वइतिहास म्हणजे काय?"

त्यांनी दप्तर उघडलं. वीस-एक वर्षांपूर्वी एका गावात लग्नाची वरात देवळावरून न्यायची की नाही यावरून वाद झाला होता. शांतता राहावी म्हणून पोलिसांनी बँडवाल्या पोरांना एक रात्र ठाण्यात बसवून ठेवलं होतं. गुन्हा नाही, खटला नाही. फक्त नोंद. ती नोंद हुलवान साहेबांच्याच देखरेखीखाली मशीनमध्ये गेली होती आणि मशीनच्या लेखी तो 'पूर्वइतिहास' झाला होता. बाकी आठ जणांना कुणी कधी ठाण्यात बसवलंच नव्हतं.

"एवढ्यावर किती गुण मिळाले त्याला?" मी विचारलं.

"ते मला दिसत नाही. ते मशीन बनवणाऱ्या कंपनीचं गुपित आहे." मग ते म्हणाले, "मॅडम, मी हे वर लेखी कळवतो. तुम्ही मात्र काही बघितलं नाही."

त्यांनी खरंच कळवलं, मेव्हण्याच्या नावासकट. वरून उत्तर आलं, 'आरोपपत्राच्या वेळी विचार करू.' म्हणजे तोवर सुखदेव आत.

त्यानंतर एक दिवस त्याची बायको विद्यापीठात आमच्या विभागात आली. कांताबाई नाव. शिपायाला विचारत विचारत थेट माझ्या टेबलापर्यंत पोचली. मी तिला खुर्ची दिली तर ती कडेवर टेकल्यासारखी बसली.

"तुमी पोलीस न्हाई म्हनं."

"नाही. मी शिकते इथं."

"या वयात?" तिनं अविश्वासानं विचारलं. मग तिलाच ते बरं वाटलं नसावं. "न्हाई, शिकावं. काय शिकताय?"

"पोलिसांकडं एक नवं यंत्र आलंय. ते नीट काम करतं का, ते बघते."

"मग करतंय का?"

समोर बसून एवढा सरळ प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. माझ्या मार्गदर्शकांनीही नाही. उत्तर तोंडाशी होतं. पण मी सही केली होती. मी म्हटलं, "ते मला आत्ता सांगता येत नाही, मावशी."

"येतं की न येतं?"

"येतं. पण सांगायचं नाही असं लिहून दिलंय."

तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "म्या त्येला गाठलं कोर्टाच्या आवारात. इचारलं, केली आसशील तर केली म्हन, एकदा काय ते मोकळं हू दे. तर रडाय लागला. लगीन झाल्यापासनं रडताना बघितला न्हवता. आता बँडला कोन सुपारी दीना. बाकीची पोरं म्हनत्यात, सुखदेवमामाचं नाव काढा पाटीवरनं. ती तरी काय करतील."

उठताना तिनं विचारलं, "त्या दिशी तुमी वहीत काय लिवत होता?"

"त्याच्या नावापुढचा आकडा."

"किती होता?"

"ब्याण्णव."

"लई हाय व्हय ते?"

"शंभरात."

"मग लईच हाय," ती म्हणाली आणि निघून गेली.

मी फडतरे मॅडमना सगळं सांगितलं. डॉ. अनुराधा फडतरे माझ्या मार्गदर्शक. त्या शब्द जपून वापरणाऱ्या. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वैजयंती, अट मोडलीस तर तुझी परवानगी जाईल, हे तुला कळतंय. पण नुसती तुझी जाणार नाही. यापुढं आपल्या विभागातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला पोलीस आत घेणार नाहीत. मग ही यंत्रं कुणाच्याच नजरेखाली राहणार नाहीत. हा एक माणूस, आणि पुढं येणारे कितीतरी. दोन्ही बाजूंनी माणसंच आहेत."

"तुम्ही काय केलं असतं?"

"मला ते तू विचारू नयेस असं वाटतं," त्या म्हणाल्या. "तू ठरव. मी तुझ्यामागं उभी राहीन. पण तू बरोबर केलंस असं म्हणेनच, असं नाही."

चार दिवसांनी जामिनाच्या अर्जावर सुनावणी होती. सुखदेवला विधी सेवेतून वकील मिळाले होते, ॲडव्होकेट मुलाणी. त्यांना भेटायच्या आधी मी हुलवान साहेबांना गाठलं. गुन्हे शाखेच्या समोर चहाची टपरी होती, तिथं.

"साहेब, मी मुलाणी वकिलांना माहिती देणार नाही. पण कोर्टात कोणता प्रश्न विचारावा, तेवढं सांगणार आहे."

"कोणता?"

"पाचही लग्नांत आणखी कोण होतं, हा."

त्यांनी कप खाली ठेवला. "प्रश्न सांगणं आणि माहिती देणं एकच झालं, मॅडम."

"कायद्यात एक नाही."

"कायद्यात!" ते हसले, पण त्यात गंमत नव्हती. "तपास अधिकारी मीच आहे. वकिलानं विचारलं की कोर्ट माझ्याकडं वळणार."

"हो."

"म्हणजे तुम्ही मला अडकवताय."

"हो साहेब. म्हणूनच आधी सांगायला आले."

त्यांनी रस्त्याकडं पाहिलं. एक टेम्पो मांडवाचे बांबू भरून चालला होता. "प्रशांतनं माझ्या वास्तुशांतीला मंडप घातला होता. पैसे घ्यायला तयार नव्हता. माझ्या धाकट्याला सायकल चालवायला त्यानं शिकवली. त्यानं चोरी केली असेल असं मला एक टक्काही वाटत नाही."

"सुखदेवनं केली असेल असं वाटतं?"

"आधी वाटत होतं. ब्याण्णव टक्के," ते म्हणाले. मग चहाचे पैसे देऊन उठले. "विचारू दे वकिलाला. मी काय बोलेन, ते मलाही माहीत नाही."

सुनावणीच्या दिवशी न्यायालयात फारशी गर्दी नव्हती. सुखदेवच्या अंगावर आता साधा सदरा होता. कांताबाई आणि बँडमधला एक म्हातारा मागच्या बाकावर बसले होते. मी त्यांच्या पलीकडं. सरकारी वकिलांनी जामिनाला विरोध केला. आरोपी पाचही ठिकाणी हजर होता, आधुनिक तंत्रज्ञानानं ते सिद्ध झालं आहे, गुण ब्याण्णव आहेत, वगैरे.

मुलाणी वकील उभे राहिले. साधे गृहस्थ, भाषण करायची सवय नव्हती. "माझा एकच मुद्दा आहे, साहेब. माझा अशील तिथं होता हे आम्ही नाकारतच नाही. तो बँडवाला आहे. तपास अधिकाऱ्यांनी एवढंच सांगावं, की पाचही ठिकाणी आणखी कोण होतं."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तपास अधिकारी?"

हुलवान पुढं झाले.

"आणखी कुणी होतं का?"

"होतं, साहेब."

सरकारी वकील चटकन उठले, "हा तपासाचा गोपनीय भाग आहे, शिवाय प्रणालीची माहिती कंपनीच्या..."

"मी प्रणाली विचारत नाही, माणसं विचारतोय," न्यायाधीश म्हणाले. "किती जण होते?"

"आरोपी धरून नऊ."

"नावं सांगता येतील?"

हुलवान साहेबांनी खिशातून कागद काढला नाही. दोन्ही हात बाजूला सरळ होते, परेडला असावेत तसे. "पहिलं नाव प्रशांत बाळासाहेब पिसाळ, मंडप आणि लाइटिंगचा व्यवसाय," ते म्हणाले. "साहेब, ते माझे सख्खे मेव्हणे आहेत."

टंकलेखकाचे हात थांबले. मग हुलवान यांनी बाकीची नावं सांगितली, एकेक करून, व्यवसायासकट. न्यायाधीशांनी विचारलं, की मग आठ जणांना सोडून एकालाच अटक का? त्यांनी वरातीच्या वादाची ती जुनी नोंद सांगितली. त्या नोंदीला मशीननं किती वजन दिलं? "ते मला माहीत नाही, साहेब." मग कुणाला माहीत आहे? "पोलीस खात्यात कुणालाच नाही."

"म्हणजे ज्याच्या म्हणण्यावरून हा माणूस आत आहे," न्यायाधीश म्हणाले, "त्याला मी साक्षीला बोलावू शकत नाही, आणि यांचे वकील त्याची उलटतपासणीही घेऊ शकत नाहीत."

जामीन मंजूर झाला. सुखदेवला काय झालं ते लगेच उमगलं नसावं. म्हातारा बँडवाला त्याच्या जवळ जाऊन कानात काहीतरी बोलला, तेव्हा तो खाली बसला.

मी स्वतःहून अधीक्षकांना कळवलं, की प्रश्न माझा होता. माझी परवानगी रद्द झाली. ते अपेक्षितच होतं. हुलवान साहेबांचं मात्र वेगळंच झालं. त्यांच्यावर खात्याची चौकशी लागली. कशाबद्दल? जवळचा नातेवाईक संशयाच्या परिघात असल्याचं माहीत असूनही तपास स्वतःकडं ठेवला, याबद्दल. त्यांनी ते आधीच लेखी कळवलं होतं, त्या पत्राबद्दल कुणी बोललं नाही. त्यांची नियंत्रण कक्षात बदली झाली. कानाला हेडफोन लावून गस्तीच्या गाड्यांना इकडून तिकडं पाठवायचं काम. कक्षाला नवा अधिकारी आला आणि मशीन पूर्वीसारखंच चालू राहिलं.

पिसाळ आणि इतरांना बोलावून जबाब घेतले गेले. कुणाकडं काही मिळालं नाही. पाचपैकी दोन चोऱ्यांचा माल पुढं परजिल्ह्यातल्या एका टोळीकडं सापडला. पाहुण्या म्हणून भरजरी नेसून येणाऱ्या दोन बायका होत्या त्या. कुणाच्या ना कुणाच्या मावशी म्हणून नवरीची खोली उघडी असताना आत बसायच्या, जेवूनही जायच्या. फोन जवळ बाळगत नसत. उरलेल्या तीन चोऱ्यांचा छडा आजवर लागलेला नाही. सुखदेववर आरोपपत्र आलंच नाही. बँड मात्र त्याला परत घेईना, म्हणून त्यानं दुसऱ्या गावात नवी पाटी लावली. एकदा बसस्टँडवर भेटला तेव्हा म्हणाला, "आता वाजवाय जाताना आमी समदे फोन घरी ठिवतो, ताई." मी त्याला हे सांगितलं नाही, की मशीनच्या नव्या आवृत्तीला फोन घरी ठेवणाऱ्या माणसांचाच जास्त संशय येतो.

माझा प्रत्यक्ष पाहणीचा भाग गळाला आणि प्रबंध लांबत गेला. मी सगळा भर नियमनावर दिला. शेवटचं प्रकरण म्हणजे कायद्याचा एक मसुदाच होता. आरोपीला यंत्राचं कारण विचारायचा हक्क. पूर्वइतिहास कशाला म्हणायचं याची व्याख्या. कंपनीचं गुपित न्यायालयापुढं चालणार नाही, हे कलम. प्रत्येक ओळ लिहिताना माझ्या डोळ्यासमोर लाल कोटातला सुखदेव होता.

मौखिक परीक्षा खुली असते. विद्यापीठ सूचना लावतं, कुणीही येऊन बसू शकतं, प्रश्नही विचारू शकतं. बहुधा चार विद्यार्थी आणि चहासाठी आलेले दोन प्राध्यापक असतात. माझ्या परीक्षेला शेवटच्या रांगेत साध्या कपड्यांतले हुलवान साहेब होते. केस बरेच पांढरे झाले होते. मी त्यांना बोलावलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या सुनावणीनंतर आम्ही दोन-चारदाच बोललो होतो, तेही फोनवर, ख्यालीखुशाली.

बाहेरून आलेले परीक्षक समाधानी होते. त्यांनी मसुद्याचं कौतुक केलं आणि रीत म्हणून विचारलं, "सभागृहातून कुणाला काही विचारायचंय?"

हुलवान उभे राहिले. नाव सांगितलं, हुद्दा सांगितला नाही.

"मी प्रबंध ग्रंथालयात बसून वाचला," ते म्हणाले. "चांगला आहे. आरोपीचे हक्क आहेत, कंपनीची जबाबदारी आहे, न्यायालयाचे अधिकार आहेत. माझा प्रश्न साधा आहे. मशीनचं चुकतंय असं ते चालवणाऱ्या अधिकाऱ्याला दिसलं आणि त्यानं तसं कोर्टात सांगितलं, तर पुढं त्याचं काय? त्याच्यासाठी तुमच्या मसुद्यात कुठलं कलम आहे?"

मी मसुद्याची कलमं मनात चाळली. वास्तविक त्याची गरज नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "तसं कलम नाही."

परीक्षक माझ्या मदतीला आले. "हा मुद्दा संशोधनाच्या कक्षेबाहेरचा आहे. सेवाशर्तींचा विषय."

"नाही सर," मी म्हटलं. "बाहेरचा नाही. कोर्टात 'होतं, साहेब' असं कुणीतरी म्हणावं लागतं. ते म्हणणारा माणूस राहिला नाही, तर बाकीची कलमं चालणार कशी? मला वेळ हवा आहे. मला हे प्रकरण लिहायचंय."

फडतरे मॅडमनी कपाळाला हात लावला. परीक्षक म्हणाले, आत्ता पदवीची शिफारस करतो, सुधारणा पुढं पुस्तकात करा. मी नको म्हटलं. असं कुणी म्हणत नाही, त्यामुळं कार्यालयाला नेमका कोणता नियम लावायचा तेच कळेना. पदवी आणखी वर्षभर लांबली.

त्या प्रकरणासाठी मी हुलवान साहेबांची मुलाखत घ्यायला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी वनिताताईंनी पोहे आणून ठेवले आणि आत जाऊन बसल्या. मी इथंच सांगायला हवं, की सुनावणीनंतर प्रशांत पिसाळांनी बहिणीच्या घरी येणं बंद केलं होतं. राखीला वनिताताईच माहेरी जाऊन यायच्या. नवरा-बायकोत त्या विषयावर बोलणं होत नसे. हे मला साहेबांनीच आधी फोनवर सांगितलं होतं, मी घरी काही विचारू नये म्हणून.

मी बाकीचं सगळं विचारलं. चौकशी कशी चालली, कोण काय म्हणालं, कोण भेटायचं थांबलं. ते नेहमीच्या शांतपणे सांगत गेले. शेवटी माझ्या मनात इतकी वर्षं राहिलेली एक गोष्ट मी विचारली.

"साहेब, मशीनवर पिसाळांचं नाव मधे कुठंतरी होतं. कोर्टात तुम्ही ते पहिलं का घेतलंत?"

त्यांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली.

"मधे ठेवलं असतं तर तिथपर्यंत पोचेस्तोवर मला तेच दिसत राहिलं असतं," ते म्हणाले. "एखादवेळी मी ते गाळलंही असतं. माझा भरवसा नव्हता मला. म्हणून आधी घेऊन टाकलं. मग बाकीची नावं नीट सांगता आली."

आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं. वनिताताई दारात येऊन उभ्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"मला वाटत होतं, रागानं घेतलंत," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत आधी माझ्या भावाचं नाव. इतकी वर्षं मी हेच धरून बसले."

हुलवान साहेब त्यांच्याकडं वळले. "तू एकदाही विचारलं नाहीस."

"तुम्ही तरी कुठं सांगितलंत?"

मी रेकॉर्डर बंद केला. वनिताताई आत गेल्या. काही वेळानं आतून फोन लावल्याचा आवाज आला, आणि त्या म्हणाल्या, "हॅलो, प्रशांत? मी ताई बोलतेय. जेवलास का?"